ही क्रिया मागे घेता येणार नाही

बहिणीच्या पायाचं ऑपरेशन झालं म्हणून काकू बारा दिवस तिच्याकडे जाऊन राहिल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांची शिवणाची खोली आवरलेली होती. एवढंच झालं होतं. चोरी नाही, आग नाही, कुणाच्या जिवाचं बरंवाईट नाही. खोली आवरली होती, आणि ती काकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, स्वतःच्या हातांनी आवरली होती.

मशीनच्या बाजूला प्लॅस्टिकचे पारदर्शक डबे एकावर एक रचलेले. प्रत्येकावर काकांच्या सुबक अक्षरात चिठ्ठी: बटणं मोठी, बटणं लहान, चेन, अस्तर, खडू. काका पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढत होते, त्यामुळे अक्षराला नावं ठेवायला जागा नव्हती. भिंतींना नवा पिवळसर रंग दिला होता. भिंतीवरचे सगळे खिळे उपटून भोकं लांबी भरून बुजवली होती, आणि त्याचा तर काकांना विशेष अभिमान होता.

"बघ, एक तरी भोक दिसतंय का?" ते म्हणाले.

"खिळ्यांवरचे कागद कुठे आहेत?" काकूंनी विचारलं. पिशवी अजून खांद्यावरच होती.

"ते होय! दोन पोती निघाली. रद्दीवाला घेईना. म्हणे, कापलेली नि भोकं पाडलेली रद्दी कोण घेतं? शेवटी कागदाचा लगदा करणाऱ्या कारखान्याच्या गाडीवर घातली. आता श्वास घ्यायला जागा झाली बघ तुला."

त्या रद्दीत काकूंची सत्तावीस वर्षं होती. त्यांच्याकडे शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईचे कागदी साचे त्या कापून ठेवत: पाठ, पुढचा भाग, बाही, कॉलर. कागद मिळेल तो, जुनं वर्तमानपत्र, खाकी वेष्टण, गेल्या वर्षीचं कॅलेंडर. एका बाईचे सगळे तुकडे एका दोऱ्यात ओवायचे आणि एका खिळ्याला टांगायचे. असे तीन भिंतींवर मिळून तीनशे अकरा खिळे होते. नाव एकावरही लिहिलेलं नव्हतं, कारण जागेवरूनच कळायचं. खिडकीपाशी लेकुरवाळ्या, त्यांची मापं सारखी बदलतात म्हणून कात्रीच्या हाताशी. दाराजवळ घाईवाल्या. आणि मशीनच्या मागे, आल्यागेल्याच्या नजरेला पडणार नाही अशा भिंतीवर, त्या बायका, ज्यांच्या अंगात काही कमीजास्त होतं.

"मला विचारायचं तरी होतंत," काकू म्हणाल्या.

"त्यात काय विचारायचं? मापं काय, परत घेता येतात. आणि नाव तरी लिहायचंस एखाद्यावर. मला काय स्वप्न पडणार आहे?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या भांडल्या नाहीत. भांडण झालं असतं तर ते संध्याकाळपर्यंत संपलं असतं, आणि काकूंना ते इतक्यात संपवायचं नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि नेहमीसारखा स्वयंपाक केला. पुढचे आठ दिवस काका येईल त्या माणसाला हाताला धरून त्या खोलीत नेत होते. "आधी इथे काय पसारा होता, विचारू नका," असं म्हणून डबे दाखवत होते. काकू मागे उभ्या राहून ऐकत होत्या आणि मनात एकेक गाठ मारत होत्या.

शेवटची गाठ रेकॉर्डवालीच्या दिवशी बसली.

रेकॉर्डवाली म्हणजे नोंदणी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करणारी बाई. लहानपणी तिच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं होतं. डावा खांदा खाली गेलेला, उजवीकडे पाठ वर आलेली. वीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा माप देताना रडली होती. त्यानंतर काकूंनी तिच्या अंगाला टेप लावलीच नव्हती. ती कापड आणून द्यायची, आठ दिवसांनी कोट घेऊन जायची, आणि कोट अंगात घातला की दोन्ही खांदे सारखे दिसायचे. पाठ दरवर्षी थोडी वाढते आहे, हे काकूंना नुसत्या नजरेने कळायचं. त्या गुपचूप साच्याला एक चिंधीभर कागद चिकटवायच्या. बोलायच्या मात्र नाहीत. वीस वर्षं त्या बाईला वाटत होतं की आपली पाठ होती तिथेच थांबली आहे.

या खेपेला ती वरच्या जागेच्या मुलाखतीसाठी कोट शिवायला आली. साचे गेलेत, माप घ्यावं लागेल, हे काकूंनी कसंबसं सांगितलं. बाई अंगातला कोट काढून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काकूंनी टेप लावली.

"किती?" तिने विचारलं.

काकूंनी आकडा सांगितला. खोटा सांगायला हवा होता, हे त्यांना पुढच्या क्षणी कळलं. कारण त्या बाईला वीस वर्षांपूर्वीचा आकडा तोंडपाठ होता.

"म्हणजे सव्वा इंच वाढली," ती भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मला वाटायचं, तशीच आहे."

त्या दुपारी काका जेवून घोरत पडले होते. काकू त्यांच्या दाराशी बराच वेळ उभ्या होत्या. मापं परत घेता येतात म्हणणाऱ्या या माणसाला आता सोडायचं नाही, असं त्यांनी तिथे उभ्या उभ्या ठरवलं. नुसतं ओरडून, रुसून, अबोला धरून भागणार नव्हतं. त्याने जे केलं तेच, तस्संच आणि तितक्याच प्रेमाने त्याला करून दाखवायचं होतं.

आणि कुठे हात घालायचा, हे काकूंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

काकांचा कॉम्प्युटर जेवणघराच्या कोपऱ्यात होता. त्याचा पडदा मोठा, आणि त्यावर मुंग्या लागल्यासारख्या बारीक बारीक फायली पसरलेल्या, चारशेच्या वर. मधेमधे फोल्डर, त्यांच्या पोटात आणखी फायली. नावं काय, तर 'अ', 'अअ', 'नवीन', 'नवीन ३७'. निवृत्त झाल्यावर काकांनी खात्यातले जुने, वाळवी लागत चाललेले पाइपलाइनींचे नकाशे तुकड्या-तुकड्याने स्कॅन करून तिथे आणून ठेवले होते. मूळ कागद नंतर ऑफिस हलवताना गेले ते गेलेच. त्यामुळे आजही कुठे पाइप फुटला की खात्यातून काकांना फोन यायचा. काका खुर्चीत बसायचे, पडद्यावर एका जागी जायचे, उघडायचे आणि सांगायचे, "कोपऱ्यापासून अकरा फुटांवर व्हॉल्व्ह आहे. झाकण डांबराखाली गेलंय, खणा." एक मिनिटसुद्धा लागायचं नाही. फोन ठेवल्यावर त्यांची मान तासभर ताठ असायची. निवृत्तीनंतर त्या माणसाच्या जिवात जीव होता तो या फोनमुळे, हे सारं घर जाणून होतं. आणि घर म्हणजे काकूच.

नावं नसताना त्यांना सापडतं कसं, हे एकदा काकूंच्या सहज लक्षात आलं होतं. पडदा म्हणजे गाव होतं. वरची कड उत्तर. उजव्या कोपऱ्यात टाकी, तळाला नदी, मधोमध बेकरीचा चौक. जो व्हॉल्व्ह गावात जिथे, त्याची फाइल पडद्यावर तिथे. काकांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. काकूंना न सांगताच कळलं, कारण त्यांची भिंत तशीच होती. त्या वेळी त्यांना नवऱ्याचं कौतुक वाटलं होतं. आता त्याच गोष्टीने त्यांचे हात शिवशिवायला लागले.

रेकॉर्डवाली कोट न्यायला आली तेव्हा काकूंनी आडून आडून विचारलं, "तुमच्या ऑफिसात फायली आपोआप लावणारं काही असेल ना? घरच्या कॉम्प्युटरवर चालेल असं?"

"पुष्कळ आहेत की. कुणासाठी?"

"यांच्यासाठी. फार पसारा झालाय हो."

रेकॉर्डवालीने काकूंच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती बाई आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रं वाचत आली होती. काय ते तिने ओळखलं, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

दोन दुपारी, काका झोपले असताना, त्या दोघींनी शोधाशोध केली. काकू एका बोटाने टाइप करायच्या: 'फायली नीट लावणारे सॉफ्टवेअर फुकट'. काही पैसे मागणारी निघाली, काही नुसतीच जाहिरात करणारी, एकाने तर आधी वाढदिवस विचारला. शेवटी चाळणीत तीन राहिली. पहिलं प्रत्येक फाइल हलवण्याआधी परवानगी मागायचं. "हे माझ्या सुनेसारखं आहे," रेकॉर्डवाली म्हणाली, "मीठ घालू का, आता ढवळू का." ते बाद. दुसरं फार गुणी होतं. आधी चित्र दाखवायचं, मग लावायचं, आणि महिनाभर सगळं लक्षात ठेवायचं. एक बटण दाबलं की सारं जिथल्या तिथे. तिसरं अगदी साधं. प्रकार बघून, वर्ष बघून, आकार बघून लावायचं, सगळ्यांना नव्याने ओळीने नंबर द्यायचं, रिकामे फोल्डर पुसून टाकायचं आणि आपल्या कामाला लागायचं. झालेलं फिरवायची सोय त्यात नव्हती.

"काकू, दुसरं घ्या," रेकॉर्डवाली म्हणाली. "चार दिवस रडवा आणि मग बटण दाबा. तेवढं बास."

"माझ्या भिंतीला कुणी महिना दिला होता?" काकूंनी विचारलं.

मग रेकॉर्डवालीनेच तिसरं उतरवून दिलं.

काकूंनी ते आधी लग्नकार्यांच्या फोटोंच्या नकलेवर चालवून पाहिलं. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी चिंधीवर टाका घालून बघतात, तसं. फोटो झरझर वर्षावार लागले. काम चोख होतं.

गुरुवारी सकाळी काका केस कापायला गेले. तिथे त्यांचे दोन जुने सोबती भेटायचे, म्हणजे दीड तासाची निश्चिंती. काकूंनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि सॉफ्टवेअरला काकांचा पडदा दाखवला. त्याने पोटातल्या फोल्डरांसकट हिशेब केला आणि विचारलं: अकराशे बहात्तर फायली हलवल्या जातील, ही क्रिया मागे घेता येणार नाही, पुढे जायचे?

काकूंनी 'होय' दाबलं.

आधी नदीकाठ गेला. मग स्टेशनाकडची ओळ, मग शाळेमागचा भाग, दोन-दोन, चार-चार करून. बेकरीचा चौक थोडा वेळ एकटाच राहिला आणि मग तोही गेला. सर्वांत शेवटी टाकी. मागे नुसता निळा पडदा उरला आणि त्याच्या डाव्या कडेला तीन फोल्डर. काकूंनी त्यांना नावं दिली: चित्रं मोठी, चित्रं लहान, इतर. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं. कित्येक दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली.

काका आले, टॉवेलने मान पुसत पडद्यासमोर बसले आणि बसूनच राहिले.

"अगं, हे काय झालं?"

"आवरलं," काकू आतून म्हणाल्या. "किती पसारा होता. एकही फाइल गेलेली नाही हो, सगळ्या आहेत. मोजून घ्या."

काकांनी एक उघडली. दोन रेघा, एक वर्तुळ, एक फुली. दुसरी उघडली. तीन रेघा, दोन फुल्या. कुठला रस्ता, कुठला कोपरा, काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच कधी पडली नव्हती. त्यांनी आणखी दहा-बारा उघडल्या आणि मग त्यांचा हात थांबला.

"नाव तरी लिहायचं एखाद्यावर," काकू दारात येऊन म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी तीन आठवडे घोळवून ठेवलं होतं.

काकांनी वळून पाहिलं. आता ओरडतील, टेबलावर हात आपटतील, म्हणून काकू पदर खोचून तयार होत्या. पण ते इतकंच म्हणाले, "लावीन मी परत," आणि पडद्याकडे वळले.

चार दिवस ते लावत होते. एक फाइल उघडायची, रेघांकडे बघत बसायचं, डोळे मिटायचे, पडद्यावर कुठेतरी नेऊन ठेवायची, पुन्हा उचलायची. जेवायला बोलावलं की यायचे, ताटात असेल ते खायचे, उठायचे. चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडद्यावर चाळीसेक फायली झाल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांबद्दल त्यांची खात्री नव्हती. काकू येता-जाता पाहत होत्या. दया आली का? आली, थोडी आली. पण ती आली की त्या सव्वा इंच आठवायच्या आणि दयेला बाहेरचा रस्ता दाखवायच्या.

पाचव्या दिवशी दुपारी चारला फोन वाजला. काकांच्या जागेवर आलेल्या बाईंचा होता. काकांनी तो नेहमीसारखा मोठ्या आवाजावर ठेवला, त्यामुळे काकूंना भाजी चिरता चिरता शब्दन् शब्द ऐकू आला.

"सर, बेकरीच्या चौकातली मोठी लाइन फुटलीय. सुताराच्या तळघरात पाणी शिरतंय. तिथला व्हॉल्व्ह कुठे आहे?"

"देतो," काका म्हणाले. "दोन मिनिटं."

दोनाची दहा झाली. फोनमधून पाण्याचा आवाज येत होता, माणसं ओरडत होती. काका उघडत होते, बंद करत होते, उघडत होते. एकदा त्यांनी काहीतरी सांगितलं, तिकडे खणलं, तिथे नुसती माती निघाली. वीस मिनिटांनी त्या बाई म्हणाल्या, "राहू द्या सर. आम्ही टाकीवरूनच बंद करतो. अर्ध्या गावाचं पाणी जाईल, पण इलाज नाही. तुमच्याकडचे नकाशे नाहीत का आता?"

विळीवरचा हात थांबवून काकू ऐकत होत्या. आता येईल माझं नाव, त्यांना वाटलं. बायकोने घोळ घातला, म्हणतील. म्हणू देत. सगळ्या खात्याला कळू दे, का घातला ते.

"आहेत," काका म्हणाले. "पण माझ्याच हातून इकडचं तिकडे झालं. वय झालं माझं. आता मला नका करू फोन."

"बरं सर," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

काकूंचा संताप संताप झाला. हा माणूस आगीत तेल ओतेल, आपण दुप्पट ओतू, अशी सगळी तयारी करून त्या बसल्या होत्या, आणि त्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळं व्हावं? त्यांनी भाजी धुवायला नळ सोडला. नळ फुसफुसला आणि कोरडा पडला. टाकीवरून बंद केलेल्या अर्ध्या गावात त्यांचंही घर होतं, त्या सुताराचं होतं, रेकॉर्डवालीचं होतं. सुताराने काकूंचं काही वाकडं केलेलं नव्हतं. ही एक गोष्ट मात्र त्यांना लागली आणि लागून राहिली.

त्या तणतणत बाहेर आल्या. "माझं नाव का नाही सांगितलंत?"

काका निळ्या पडद्याकडे बघत होते.

"तुझ्या भिंतीचं असंच होतं का?" त्यांनी विचारलं.

"कसं?"

"म्हणजे, कुठला कागद कुणाचा, ते खिळा कुठे आहे त्यावरून कळायचं तुला? म्हणून नाव नव्हतं?"

काकू उभ्या राहिल्या. सत्तावीस वर्षांत या माणसाने त्या भिंतीबद्दल पहिल्यांदा काही विचारलं होतं, आणि तेही भिंत गेल्यावर.

"हो," त्या म्हणाल्या.

काकांनी खुर्ची फिरवली. "मी सगळे खिळे एकाच डब्यात टाकले," ते म्हणाले. "वर चिठ्ठी लावली, खिळे." त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन्सिल उचलली आणि सवयीने कड आखायला सुरुवात केली. "सांग. दार इकडे धरतो. खिडकी इकडे. भिंत किती फूट होती? मी काढतो, तू नावं सांग, आपण सगळं पुन्हा..."

काकूंनी पुढे होऊन त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. कागदही घेतला.

"काढायचं नाही. लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं ऐकायचं."

त्या समोर बसल्या आणि दाराच्या डावीकडच्या पहिल्या खिळ्यापासून त्यांनी सुरुवात केली. ती कोण, कुठल्या वर्षी आली, तिचा उजवा हात डाव्यापेक्षा किती लांब, तिला बाळ झालं तेव्हा साचा कसा वाढवला, ते बाळ गेलं तेव्हा किती कापला. मग दुसरा खिळा. मग तिसरा. काकांचे रिकामे हात मांडीवर होते. मधे कधीतरी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि काकू तेवढ्यापुरत्याही थांबल्या नाहीत. अंधारून आलं, नळाला अजून पाणी नव्हतं, आणि त्या खिडकीपाशी, एकशे चौथ्या खिळ्यापर्यंत पोचल्या होत्या.

काकांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला.

"बसा," काकू म्हणाल्या. "मशीनच्या मागची भिंत अजून यायचीय."